सगळ्या स्टेशनांवर मासेदा

मनिला. १ जानेवारी १९७४, संध्याकाळचे सहाला पाच कमी. सूर्य नुकताच बुडालाय, ईशान्येचा वारा सुटलाय, इथल्या मानाने चक्क गारवा आहे. तुमच्या खांद्याला ट्रान्झिस्टर लटकतोय. चर्चच्या पायऱ्यांपासून जीपनी या प्रवासी गाड्यांच्या थांब्यापर्यंत जो तो आपापला रेडिओ घेऊन आलाय. कुणी काखोटीला मारून, कुणी छातीशी धरून. समोरच्या घराने तर जुना लाकडी रेडिओ उचलून खिडकीत ठेवलाय, तोंड रस्त्याकडे करून.

सहा वाजतात. तुम्ही काटा जुळवता. टुण्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टुण्. हा कोलितोंग. बांबूच्या नळीच्या सालीतूनच तारा सोडवायच्या, खाली बारीक घोड्या सरकवून त्या ताणायच्या आणि बोटांनी छेडायच्या. सवयीने तुम्ही दुसरं स्टेशन लावता. तिथे लाकडावर लाकूड आपटतंय. तिसरीकडे बांबूचा कर्णा पोटातून आल्यासारखा घुमतोय. चौथीकडे बालिंगबिंग: टोकाला चिरलेला बांबू तळहातावर आपटला की तो भुंग्यासारखा झणझणतो. सिनेमाची गाणी नाहीत, बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत. महानगरातली ३७ रेडिओ स्टेशनं या घडीला एकच रचना वाजवतायत.

एकच, पण सारखी नाही. संगीतकार होसे मासेदांनी या रचनेच्या, ‘उग्नायान’च्या, वीस वेगवेगळ्या टेप केल्या आहेत आणि त्या स्टेशनांना वाटून दिल्या आहेत. म्हणजे तुमच्या ट्रान्झिस्टरवर ‘उग्नायान’चा विसावा हिस्सा. उरलेले एकोणीस आजूबाजूच्यांच्या हातात. एकट्याने घरात बसून ऐकली तर ही रचना कंटाळवाणी आहे, आणि माझ्या मते ती तशीच असायला हवी होती.

‘‘तुमच्यावर काय लागलंय?’’ शेजारची लोला, म्हणजे आजी, विचारते. तिच्या रेडिओवर शिट्ट्या चालल्यात. तुम्ही तुमचा रेडिओ तिच्याजवळ नेता. शिट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत टुण् टुण् जाऊन बसतं. एक पोरगा तिसरा रेडिओ आणतो, त्यावर झांजा. आता चालायला लागा. चार पावलं डावीकडे गेलात की कर्णे वर येतात आणि तारा बुडतात. खिडकीतल्या लाकडी रेडिओखाली घंटांचा नाद छातीत लागतो. स्वस्तातले ट्रान्झिस्टर त्याच घंटांचा पत्र्यासारखा खणखणाट करतात. शंभर माणसं शंभर ठिकाणी उभी, म्हणून शंभर प्रकारचं संगीत. कुठून ऐकायचं हे तुमचे पाय ठरवतात. स्वरमेळाची पाश्चात्त्य चौकट इथे कुठेच नाही. आवाज दाट होतो, विरळ होतो, रंग बदलतो, झालं.

मासेदा छप्पन्न वर्षांचे आहेत. तरुणपणी पॅरिसमध्ये पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो यांच्याकडे पियानो शिकलेला हा माणूस. मैफली करता करता त्यांना प्रश्न पडला: या सगळ्याचा भातशेती आणि नारळाशी संबंध काय? १९५३पासून ते टेपरेकॉर्डर घेऊन आपल्याच देशातली बेटं आणि डोंगर पालथे घालू लागले. पुढे पॅरिसला परत गेले ते ध्वनिफितींवरचं नवं संगीत ऐकायला. झेनाकिस, बूलेझ या संगीतकारांशी गाठी पडल्या. तीन वर्षांपूर्वी, १९७१ साली, त्यांनी शंभर माणसांच्या हाती शंभर कॅसेट रेकॉर्डर देऊन मनिलाच्या सांस्कृतिक केंद्रात फिरायला लावलं होतं. आज तोच डाव अख्ख्या शहरावर टाकलाय. बाकी कुठल्या आधुनिक संगीतकाराला एवढं थिएटर मिळालं होतं?

पण थिएटर मिळालं कसं, तेही बघा. सप्टेंबर १९७२मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा सैनिकांनी रेडिओ स्टेशनं बंद केली. आज जी चालू आहेत ती सरकारच्या परवानगीने. सगळ्यांचा एक तास एका बांबूवाल्या संगीतकाराला मिळतो, कारण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस पाठीशी आहेत. काटा कुठेही फिरवा, दुसरं काही लागणार नाही. मोकळीक आहे ती फक्त वीस टेपांमध्ये. आपल्याकडच्या आणीबाणीला अजून दीड वर्ष अवकाश आहे, नाहीतर तुम्हाला हे लगेच ओळखू आलं असतं. मासेदांची कल्पना प्रामाणिक आहे, आणि तरीही हुकूमशाहीवाचून ती या प्रमाणात जमली नसती. या दोन्ही गोष्टी मला एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

चौकात मतं पडायला लागलीत. एक जण म्हणतो, रेडिओ बिघडलाय. दोन पोरी ठेका नसलेल्या या संगीतावर हट्टाने नाचतायत. एक म्हातारा डोळे मिटून बसलाय. तो डोंगराकडचा आहे की नुसता दमलाय, कळायला मार्ग नाही.

एकावन्न मिनिटांनी टेप संपतात. स्टेशनं आपल्या कार्यक्रमांवर परततात, कुठूनतरी लगेच एक प्रेमगीत सुरू होतं आणि गर्दी हुश्श करते. मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत संचारबंदी असते, म्हणून फार उशीर न करता निघायचं.

थांबायची तयारी असेल तर वर्षभर थांबा. १९७५मध्ये दिलिमानच्या विद्यापीठात मासेदा ‘उदलोत-उदलोत’ ही रचना सादर करतील: उघड्यावर, शेकडो शाळकरी मुलं, हातात बांबू, गळ्यात आवाज. तिथे रेडिओ नाही, स्टेशनही नाही. प्रक्षेपणासाठी कुणाकडे परवाना मागायची वेळ येणार नाही.