तळटीप : सिझेरियनचे कारण
१२. येथील आकडे पुणे महापालिकेच्या जन्मनोंदींवर आधारलेले आहेत. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील जन्माच्या अहवालात प्रसूतीची पद्धत विचारतात : नैसर्गिक, सिझेरियन, की चिमटा वा व्हॅक्यूम लावून. सिझेरियन का केले, हा रकाना त्यात नाही. बाळ आडवे होते की आधीचेही सिझेरियन होते, हे केसपेपरातच सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली शिफारस केलेली रॉब्सन वर्गवारी आधीची बाळंतपणे, दिवस किती भरले, बाळ कसे आहे, कळा आपोआप आल्या का, अशा बाबींवरून दहा गट पाडते. कारण तीही सांगत नाही. पण दिवस भरलेल्या, बाळाचे डोके खाली असलेल्या पहिलटकरणींत सिझेरियन वाढले, तर चौकशी तिथून सुरू करता येते. नुसत्या संख्येवरून शस्त्रक्रियांना ‘अनावश्यक’ ठरवू नये.