पथेर पांचालीचे चित्रीकरण

पथेर पांचाली हा सत्यजित राय (रे) यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट असून तो १९५५ साली प्रदर्शित झाला. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या त्याच नावाच्या बंगाली कादंबरीवर तो आधारलेला आहे. चित्रपटाचे चित्रीकरण ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू झाले. पैशांअभावी ते अनेकदा थांबले आणि चित्रपट पूर्ण होण्यास सुमारे अडीच वर्षे लागली. अल्प भांडवल, लहान चमू आणि प्रत्यक्ष स्थळी केलेले चित्रीकरण यांमुळे हा चित्रपट भारतातील स्वतंत्र चित्रपटनिर्मितीचे एक प्रमुख उदाहरण मानला जातो.

पार्श्वभूमी

सत्यजित राय १९४३ पासून कोलकात्यातील डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करीत होते. त्याच सुमारास ते सिग्नेट प्रेस या प्रकाशनसंस्थेसाठी पुस्तकांची मुखपृष्ठे व चित्रेही काढीत. १९४४ साली या संस्थेने 'पथेर पांचाली'ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढली. तिची चित्रे काढताना या कादंबरीवर चित्रपट करण्याची कल्पना राय यांच्या मनात रुजली. १९४७ साली चिदानंद दासगुप्त व इतर मित्रांसह त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटीची स्थापना केली.

१९४९ साली फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार हे 'द रिव्हर' या चित्रपटासाठी बंगालमध्ये स्थळांचा शोध घेत होते. त्यांच्याबरोबर हिंडण्याची संधी राय यांना मिळाली. १९५० साली नोकरीनिमित्त लंडनला गेले असता राय यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन चित्रपट पाहिला. नवखे कलाकार आणि खरी स्थळे घेऊन समर्थ चित्रपट करता येतो, अशी त्यांची त्यामुळे खात्री पटली. जहाजाने भारतात परत येतानाच त्यांनी चित्रपटाचा पहिला आराखडा लिहून काढला.

पूर्वतयारी

या चित्रपटाची रूढ अर्थाने संपूर्ण पटकथा लिहिली गेली नाही. राय यांनी प्रसंगांची टिपणे व शाईने रंगविलेली क्रमवार चित्रे यांची एक वही तयार केली होती. पात्रे कोठे उभी राहतील, कॅमेरा कोणत्या कोनातून पाहील आणि एका दृश्यानंतर दुसरे कोणते येईल, हे त्या चित्रांतून दिसत असे. ही वही घेऊन ते अनेक निर्मात्यांकडे गेले. परंतु गाणी नसलेला, प्रसिद्ध नट नसलेला आणि बव्हंशी स्टुडिओबाहेर चित्रित व्हावयाचा चित्रपट काढण्यास कोणी तयार झाले नाही. पावसात किंवा झाडांखालच्या मंद उजेडात चित्रीकरण करता येत नाही, असा व्यावसायिकांचा समज होता. तो पडताळून पाहण्यासाठी राय व त्यांचे सहकारी १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन एका खेड्यात गेले. आमराईतील उजेडात, भर पावसात आणि संध्याकाळी त्यांनी चाचणीदाखल दृश्ये घेतली व ती सर्व समाधानकारक आली.

कादंबरीकाराचे १९५० साली निधन झाले होते. त्यांच्या पत्नीने चित्रपटाचे हक्क राय यांना देण्याचे मान्य केले.

चमू

छायालेखक सुब्रत मित्र त्या वेळी अवघे एकवीस-बावीस वर्षांचे होते. 'द रिव्हर'च्या चित्रीकरणस्थळी निरीक्षक म्हणून उपस्थित राहून त्यांनी प्रकाशयोजनेची टिपणे व रेखाटने केली होती. मात्र चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी पूर्वी कधी चालविलेला नव्हता. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी 'द रिव्हर'साठी काम केले होते. निर्मितीची व्यवस्था अनिल चौधुरी यांच्याकडे, तर संकलन दुलाल दत्त यांच्याकडे होते.

चमू लहान असल्याने कामांची वाटणी काटेकोर नव्हती. सुब्रत मित्र सतारही वाजवीत. मिठाईवाल्याच्या दृश्यात ऐकू येणारी सतार त्यांचीच आहे.

पात्रयोजना

हरिहरची भूमिका करणारे कानू बॅनर्जी हे व्यावसायिक नट होते. सर्वजयाची भूमिका करणाऱ्या करुणा बॅनर्जी यांना रंगभूमीचा अनुभव होता. दुर्गेच्या भूमिकेसाठी उमा दासगुप्ता या शाळकरी मुलीची निवड झाली. अपूसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देण्यात आल्या व अनेक मुले पाहण्यात आली. अखेर दिग्दर्शकांच्या पत्नी विजया राय यांना शेजारीच खेळत असलेला सुबीर बॅनर्जी हा मुलगा दिसला आणि शोध संपला.

वृद्ध इंदिर ठाकरुणची भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी सुमारे ऐंशी वर्षांच्या होत्या. पूर्वी रंगभूमीवर काम करून त्या निवृत्त झालेल्या होत्या. त्यांना दररोज २० रुपये मानधन दिले जात असे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

चित्रीकरणाची स्थळे

कथेतील निश्चिंदिपूर या गावासाठी कोलकात्याच्या दक्षिणेस असलेल्या बोराल या खेड्याची निवड करण्यात आली. तेथील एक पडके घर व भोवतालचे आवार भाड्याने घेऊन बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कथेतील घरासारखे केले. पडझड पूर्ण न बुजविता त्यांनी घर राहते वाटेल इतपतच दुरुस्त केले.

सर्व चित्रीकरण मात्र बोरालमध्ये झाले नाही. काशाच्या रानातून अपू व दुर्गा आगगाडी पाहतात, ते दृश्य वर्धमानच्या बाजूस पालसित येथे लोहमार्गाजवळ घेण्यात आले. रात्रीची दृश्ये खेड्यात पुरेसे दिवे लावणे शक्य नसल्याने स्टुडिओतील नेपथ्यात चित्रित झाली.

चित्रीकरणाचा क्रम

पहिला दिवस

२७ ऑक्टोबर १९५२ रोजी काशाच्या रानात पहिले चित्रीकरण झाले. काश हे शरद ऋतूत पांढरे तुरे येणारे उंच गवत आहे. राय यांनी नोकरी सोडलेली नसल्याने सुटीच्या दिवशी काम करावे लागे. दुसऱ्या आठवड्यात चमू परत आला, तेव्हा चरावयास आलेल्या गुरांनी काशफुले खाऊन टाकली होती. दृश्याचा उरलेला भाग घेण्यासाठी पुढील वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत थांबावे लागले.

बहिणीला शोधीत येणाऱ्या अपूची बावरलेली चाल सुबीरला सांगून साधेना. तेव्हा त्याच्या वाटेत काटक्या टाकण्यात आल्या आणि ठरावीक क्षणी वेगवेगळ्या दिशांनी त्याला हाका मारण्याची व्यवस्था करण्यात आली. एका दिवसाच्या प्रत्यक्ष कामाने आपल्याला अनेक पुस्तकांहून अधिक शिकविले, असे राय यांनी पुढे नमूद केले आहे.

आगगाडीचे दृश्य एकाहून अधिक गाड्यांची चित्रे जोडून तयार केले आहे. पांढऱ्या फुलांच्या पार्श्वभूमीवर काळा धूर दिसावा म्हणून चमूतील माणूस इंजिनात बसून योग्य वेळी कोळसा टाकवीत असे.

खंड आणि सातत्य

आरंभीचा खर्च राय यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून व नातेवाइकांकडून पैसे घेऊन भागविला. स्वतःच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका त्यांनी विकल्या. विजया राय यांचे दागिने गहाण ठेवण्यात आले. मध्यंतरी राणा दत्त या निर्मात्याने काही काळ पैसा पुरविला. पण त्याचे स्वतःचे चित्रपट अयशस्वी ठरल्याने तो आधारही तुटला. त्यानंतर बराच काळ काम पूर्णपणे बंद होते.

अशा खंडांमुळे दृश्यांतील सातत्य राखणे हीच मुख्य अडचण झाली. मुलांची उंची व आवाज बदलले असते अथवा चुनीबाला देवींना काही झाले असते, तर आधी घेतलेली दृश्ये निरुपयोगी ठरली असती. तसे झाले नाही, हा राय यांनी आपल्या सुदैवाचा भाग मानला.

इतर काही बाबतींत मात्र युक्ती योजावी लागली. भुलो या कुत्र्याचे एक दृश्य उजेड व पैसा दोन्ही संपल्याने अर्धवट राहिले. सुमारे सहा महिन्यांनी चमू परतला, तेव्हा तो कुत्रा मेला होता. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा कुत्रा गावात शोधून दृश्य पूर्ण करण्यात आले. मिठाईवाल्याचे काम करणारा गृहस्थही दरम्यान निधन पावला. तशाच बांध्याचा दुसरा माणूस घेऊन त्याला पाठमोरा दाखविण्यात आला. मिठाईवाल्यामागून जाणाऱ्या मुलांच्या पाठोपाठ कुत्र्याने यावे म्हणून दुर्गेने हातात संदेश ही मिठाई धरून हात पाठीमागे ठेवला होता.

पावसाचे दृश्य

दुर्गा पावसात भिजते, हे दृश्य पावसाळ्यात घ्यावयाचे होते; परंतु त्या वेळी पैसे हाती नव्हते. पैसे आले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता व आकाश निरभ्र होते. कृत्रिम पावसाचा खर्च परवडणारा नसल्याने चमू व दोन्ही मुले ढगांची वाट पाहत दिवसेंदिवस गावात जाऊन बसत. अखेर एके दिवशी जोराचा पाऊस आला आणि दृश्य घेता आले. भिजून कुडकुडणाऱ्या मुलांना ऊब यावी म्हणून दुधात थोडी ब्रँडी घालून पाजण्यात आली.

राज्य शासनाचे साहाय्य

राय यांच्या मातोश्रींच्या ओळखीतून हा विषय पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९५४ मध्ये राज्य शासनाने चित्रपटास पैसा देण्याचे मान्य केले. चित्रपटांसाठी वेगळी तरतूद नसल्याने ही रक्कम रस्ते सुधारणेच्या शीर्षाखाली दाखविण्यात आली. चित्रपटाच्या नावातील 'पथ' या शब्दाशी त्याची जोड घालून ही गोष्ट आजही सांगितली जाते. कथेचा शेवट ग्रामविकासाला पोषक असा बदलावा, अशी सूचना शासनाकडून आली. ती राय यांनी मानली नाही. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत आणि मागील हप्त्याचा हिशेब सादर केल्यावाचून पुढील हप्ता मिळत नसे. त्यामुळे काम सुरळीत झाले, तरी खंड पूर्णपणे टळले नाहीत. चित्रपटाचे हक्क राज्य शासनाकडे गेले.

चित्रपटाचा एकूण खर्च ७०,००० ते १,५०,००० रुपयांच्या दरम्यान सांगितला जातो.

संकलन व संगीत

न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाचे मनरो व्हीलर १९५४ साली भारतविषयक प्रदर्शनाच्या तयारीसाठी कोलकात्यास आले होते. चित्रपटातील स्थिरचित्रे पाहून त्यांनी तो आपल्याकडे दाखविण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी काही कच्चे संकलित भाग पाहिले व अनुकूल अभिप्राय दिला. त्यामुळे चित्रपट ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे भाग पडले. शेवटच्या दिवसांत राय व दुलाल दत्त यांनी अहोरात्र काम केले.

संगीतकार पंडित रविशंकर यांनी संपूर्ण चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यांना वेळ थोडा असल्याने संगीताचे बहुतांश ध्वनिमुद्रण सुमारे अकरा तासांच्या एकाच बैठकीत रात्रभर चालले. दुर्गेच्या मृत्यूनंतर हरिहर घरी परततो तेव्हा सर्वजयेने फोडलेला हंबरडा पडद्यावर ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या वाद्याचे स्वर योजले आहेत.

प्रदर्शन

३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या संग्रहालयात हा चित्रपट उपशीर्षकांविना प्रथम दाखविण्यात आला. २६ ऑगस्ट १९५५ रोजी तो कोलकात्यात प्रदर्शित झाला. आरंभीचा अल्प प्रतिसाद एक-दोन आठवड्यांत पालटला आणि चित्रपटगृहे भरू लागली. सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्यास मिळाले. या पदकाचा पहिला मान त्यापूर्वी आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला मिळालेला होता. १९५६ च्या कान चित्रपट महोत्सवात 'पथेर पांचाली'स सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज हा पुरस्कार मिळाला.

१९९३ साली लंडनमधील एका रसायनशाळेस लागलेल्या आगीत राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हची हानी झाली. 'पथेर पांचाली'ची जळकी निगेटिव्ह दुरुस्त करून तयार केलेली नवी प्रत २०१५ साली प्रकाशात आली.

महत्त्व

हा चित्रपट अननुभवी लोकांनी, नवख्या कलाकारांसह आणि केवळ खऱ्या स्थळी केला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे अंशतःच खरे आहे. दिग्दर्शक, छायालेखक आणि मुले नवखी असली, तरी कलादिग्दर्शक, संकलक व काही प्रमुख नट अनुभवी होते. रात्रीची दृश्ये स्टुडिओत झाली. चित्रवहीमुळे दीर्घ खंडानंतरही प्रत्येक दृश्याची जागा निश्चित होती, आणि त्यामुळेच महिन्यांच्या अंतराने घेतलेले तुकडे पडद्यावर एकसंध वाटतात.

विलंबाने काही लाभही झाले. काम थांबलेल्या काळात घेतलेली दृश्ये संकलित करून पाहता आली व आधीच्या उणिवा पुढील चित्रीकरणात टाळता आल्या. मात्र त्याची किंमत संबंधितांनी वैयक्तिक कर्ज, गहाण पडलेले दागिने आणि अनिश्चिततेची वर्षे या रूपाने मोजली. त्यामुळे या निर्मितीकडे अल्पखर्चाचा आदर्श म्हणून पाहताना, तो खर्च कोणी व कसा सोसला, हेही लक्षात घ्यावे लागते.

चित्रीकरणातील अनेक प्रसंग राय यांनी मुलांसाठी लिहिलेल्या 'एकेइ बोले शूटिंग' या बंगाली पुस्तकात वर्णिले आहेत.

हे सुद्धा पहा

सत्यजित राय
अपराजितो
अपूर संसार
विभूतिभूषण बंद्योपाध्याय
श्यामची आई (चित्रपट)