मेहंदीने लिहिलेली छायाचित्रे

१९६० साली, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, फ्रेंच लष्कराने अल्जेरियातल्या खेड्यांत ओळखपत्रे सक्तीची केली. फोटो काढण्याचे काम मार्क गारांजे या तरुण सैनिकाकडे आले. दहा दिवसांत सुमारे दोन हजार चेहरे, त्यात बहुतेक बायका. वरिष्ठांच्या हुकमामुळे त्यांना परक्या पुरुषापुढे तोंडावरचे कापड काढावे लागले. ते फोटो मी अनेकदा पाहिलेत. त्या नजरेतला संताप आजही अंगावर येतो.

म्हणूनच शेजारच्या मोरोक्कोच्या लाला एसायदी यांचे काम मला मोलाचे वाटते. युरोपीय चित्रकारांच्या लेखी मुस्लिम स्त्री म्हणजे जनानखान्यात पहुडलेली विवस्त्र बाई. (यातल्या अनेकांनी जनानखान्याचा उंबरठाही पाहिला नव्हता!) अँग्रची १८१४ची 'ओडालिस्क' त्यातलीच. एसायदींनी २००८मध्ये तीच पोझ घेतली, पण त्यांची बाई कपड्यांत आहे आणि तिचे अंग, वस्त्र, मागचा पडदा अरबी अक्षरांनी भरलेला आहे. लिहिलेय मेहंदीने. सुलेखन परंपरेने पुरुषांचे, मेहंदी बायकांची. एसायदींनी दोन्ही एका हातात आणले. मजकूर मात्र धड वाचता येत नाही, आणि ते मुद्दाम आहे. बाई दिसते, पण सगळी हाती लागत नाही.

त्यांची आधीची एक मालिका घराण्याच्या जुन्या वाड्यात चित्रित झाली. मर्यादा ओलांडणाऱ्या मुलीला शिक्षा म्हणून तिथे आठवडेच्या आठवडे ठेवत; नोकर असत, पण तिच्याशी कुणी बोलत नसे. त्याच खोल्यांत आता भिंतीपासून पायापर्यंत बायकांचे लिहिणे आहे.