चाल परक्याची, गाणे आपले

दोन नाटक मंडळ्यांची पदे एकमेकींसारखी वाटली की, कोणी कोणाची चाल उचलली, हा वाद रसिकांच्या बैठकीत हटकून निघतो. मराठी संगीत रंगभूमीपुरता हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. आणि ज्यांच्या चालींवर परकेपणाचा शिक्का विशेष बसला ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमच्या वऱ्हाडातले. म्हणून या आरोपाची शहानिशा करणे आम्हां वाशीमकरांस अगत्याचे वाटते.

प्रथम अण्णासाहेब किर्लोस्करांकडे पाहावे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला, १८८२ साली ‘सौभद्र’ आले. या नाटकांचे संगीत अस्सल मराठी म्हणून आपण मिरवितो. परंतु ते आले कोठून? संगीत नाटकाची कल्पना अण्णासाहेबांस एका पारशी मंडळीचा खेळ पाहून सुचली, असे सांगतात. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. तेव्हा कर्नाटकी चाली कानांत मुरलेल्या. साकी, दिंडी, लावणी व कीर्तनातील पदे हा तर घरचाच ठेवा. यात लपवाछपवी मुळीच नव्हती. पदांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापण्याची रीतच होती. चोर काही मालावर मूळ धन्याचे नाव लिहून ठेवीत नाही!

कोल्हटकरांनी ‘वीरतनया’त पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली घेतल्या, आणि १८९६ साली ते नाटक खुद्द किर्लोस्कर मंडळीनेच रंगभूमीवर आणिले. जुन्या वळणाच्या श्रोत्यांस त्या चाली परक्या वाटल्या. पण ज्या झऱ्याकाठी अण्णासाहेबांस संगीत नाटक सुचले, त्यातूनच कोल्हटकरांनी आपली घागर भरली, एवढाच त्यांचा अपराध. पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी पूरबेकडील ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणिला, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांत उतरविल्या. त्याही मूळच्या मराठी नव्हेत. आज मात्र त्यांस परके म्हणणारा मिळणार नाही.

मग एका मंडळीचे गाणे दुसरीहून निराळे ठरते ते कशाने? ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त याचे उत्तर सापडते. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या. नाटक एक, संगीताची परंपरा एक. तरी भामिनी झालेल्या बालगंधर्वांचा लडिवाळ स्वर आणि धैर्यधर झालेल्या केशवराव भोसल्यांची तडफदार फेक यांची गल्लत होणे शक्यच नव्हते. गाणे आपले होते ते गळ्याने, चालीच्या जन्मगावाने नव्हे.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखर कवीने ‘कर्पूरमंजरी’त जी ‘वच्छोमी’ रीती उल्लेखिली, तिचे नाव याच गावावरून पडले. रीतीस गावाचे नाव मिळते. पण ती गावापुरती राहत नाही. चालीचेही तसेच आहे.

‘सौभद्रा’ची पदे आजही घरोघर ऐकू येतात, ‘वीरतनया’ची क्वचितच, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र त्याचे कारण आमच्या मते चालींच्या मुलुखात नाही. अण्णासाहेबांचे शब्द सुरांत सहज विरघळतात. कोल्हटकरांचे कोटिबाज शब्द सुरांस अडून राहतात. दोष द्यावयाचा तर तो शब्द व स्वर यांच्या सांध्यास द्यावा, उसनवारीस नव्हे.