अलॉय व्हीलवर पांढरे डाग का पडतात? कुठले पुसून टाकायचे आणि कुठले गंभीर समजायचे

"अलॉय आहे, याला गंज लागत नाही" हे वाक्य बाईक घेताना तुम्ही नक्की ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. बाईकचं अलॉय व्हील म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम, त्यात थोडं सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. त्यामुळे लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचाही गंज असतो. तो पांढरा, पिठासारखा दिसतो आणि म्हणूनच आपण त्याला धूळ समजून सोडून देतो.

अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. जाडी फक्त काही नॅनोमीटर, पण आतल्या धातूला तोच वाचवतो. मिठातला क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतो आणि तिथे बारीक खड्डे पडत जातात. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा ठिकाणी समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या बाईकची चाकं लवकर खराब होतात, त्याचं कारण हेच. युरोपात राहणाऱ्यांना हाच त्रास समुद्राशिवाय होतो, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.

दुसरा शत्रू म्हणजे तीव्र रसायन. साधारण 4 ते 8.5 पीएचच्या दरम्यान हा पापुद्रा टिकतो. त्यापेक्षा जास्त आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी काहीही लागलं की तो विरघळतो.

रंगाखाली काय चालतं?

कंपनीतून आलेल्या चाकावर प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक लॅकर असतो. रस्त्यावरची खडी उडून एक टवका गेला की पाणी आत शिरतं. मग गंज खाली खोलवर जाण्याऐवजी रंगाखालून आडवा पसरतो. नखाने दाबलं तर फुगलेला रंग पापडासारखा निघून येतो.

सध्या बऱ्याच बाईकना काळ्या चाकावर चकचकीत चंदेरी कड असते. ही कड लेथवर घासून काढलेली असते, म्हणजे तिथे रंग नाहीच; उघड्या धातूवर फक्त लॅकर. तिथे लॅकर फाटला की खालून धाग्यासारख्या, अळी वळवळत गेल्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसू लागतात. या रेषा वरून पॉलिश मारून जात नाहीत, कारण त्या लॅकरच्या खाली असतात. माझं स्पष्ट मत सांगतो: कोकणात किंवा गोव्यात राहत असाल आणि निवड करता येत असेल, तर पूर्ण रंगवलेलं चाकच घ्या. चंदेरी कड फोटोत भारी दिसते, पण पहिल्या दोन पावसाळ्यांपर्यंतच.

हवा कमी होतेय, पण पंक्चर सापडत नाही

गंजाचा सगळ्यात त्रासदायक प्रकार बाहेरून दिसतच नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवायचं काम टायरची कड आणि रिमची आतली बाजू मिळून करतात. टायर चढवताना तिथला रंग लोखंडी लिव्हरने खरवडला जातो, ओलावा साठतो आणि गंज सुरू होतो. मूळ धातूपेक्षा हा गंज जास्त जागा घेतो, त्यामुळे टायरची कड उचलली जाते आणि बारीक फट तयार होते.

माझ्या बाईकच्या मागच्या चाकाची हवा अशीच हळूहळू कमी व्हायची. पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवून पाहिलं, टायरवर काहीच मिळालं नाही. शेवटी मी रिम आणि टायरच्या सांध्यावर साबणाचं पाणी फिरवलं आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. एका जागी बारीक बुडबुडे येत होते. टायर उतरवल्यावर तिथे चार बोटं रुंद पांढरा थर निघाला.

यावर जेल किंवा सीलंट ओतून फारसा उपयोग होत नाही. चाक फिरतं तेव्हा ते द्रव टायरच्या बाहेरच्या भागाकडे फेकलं जातं, गळती मात्र आतल्या कडेला असते. टायर उतरवून तो भाग बारीक पॉलिश पेपरने साफ करणं, पुसून कोरडा करणं आणि बीड सीलर लावून टायर परत बसवणं, हाच खरा इलाज. खड्डे खोल असतील तर रिम बदला. कमी हवेवर वळण घेताना बाईक डगमगते आणि टायर तापतो, त्यामुळे "रोज हवा भरतो की" हे उत्तर चालणार नाही.

धुताना काय वापरायचं?

साधा बाईक शाम्पू, पाणी, स्पंज. एवढं पुरतं. काही वॉशिंग सेंटरवर चाक झटकन चमकवायला अ‍ॅसिड मारतात. आधी विचारा आणि स्पष्ट नाही म्हणा. यूट्यूबवर दिसणारा टॉयलेट क्लीनरचा जुगाड तर अजिबात करू नका, त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. कॉस्टिक सोडाही अ‍ॅल्युमिनियम खातो. चाक गरम असताना धुऊ नका, डाग वाळून बसतात. आणि हो, मागचं चाक पुसताना गाडी मेन स्टँडवर लावून गिअरमध्ये फिरवत ठेवायची सवय असेल तर आजच सोडा. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये फडकं अडकलं की बोट जातं.

बॅलन्सिंगसाठी लावलेली वजनं काढली तर त्याखालीही बघा. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम जास्त वेगाने झिजतं.

घरी रंगवायचं असेल तर साधा प्रायमर अ‍ॅल्युमिनियमला नीट धरत नाही. एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर मागा. पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण त्यात चाक साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजतात. त्याआधी बेअरिंग, डिस्क, व्हॉल्व्ह सगळं काढलेलं असायला हवं. बेअरिंग आणि डिस्क बसण्याच्या जागा मात्र रंगवायच्या नाहीत.

सेकंडहँड बाईक घेणाऱ्यांसाठी

ताजं काळं रंगवलेलं चाक दिसलं तर खूश होऊ नका. रंगाखाली गंज लपला तर नुकसान पैशांचं आहे, तडा लपला तर जिवाचं. जिथे स्पोक रिमला मिळतो तिथे आणि हबजवळ टॉर्च तिरका पाडून बघा. केसासारखी सरळ रेषा दिसली, तर ती गंजाची वळवळ नाही. कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा, झूम करा, बोट फिरवून रेष पुसली जाते का पाहा. पुसली गेली नाही, तर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हे चाक ओतीव आणि उष्णता देऊन कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आसपास ते मऊ पडतं. किमतीतून नव्या चाकाचे पैसे कमी करून घ्या, नाहीतर दुसरी बाईक बघा.