अंगण, कुरण आणि बालशिक्षण : ठाणे जिल्ह्यातील एक प्रयोग

निसर्गाच्या सान्निध्यात बालशिक्षण व्हावे, हे मत बहुधा एक रम्य आदर्श म्हणून मांडले जाते. जुन्या ठाणे जिल्ह्यात या मताचा जो प्रत्यक्ष प्रयोग झाला, त्याचा उगम मात्र दारिद्र्यातून निर्माण झालेल्या अडचणींत आहे.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तथापि भारतात येईपर्यंत ही पद्धती खर्चिक साधनांमुळे मुख्यतः शहरी सुखवस्तू वर्गापुरती मर्यादित झाली होती. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांस ही मर्यादा जाणवली होती. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी या कार्यात सहभागी झाल्या.

येथे दोन प्रश्न उभे राहिले. पहिला साधनांचा. दट्टे, मनोरे, रंगपट्ट्या विकत घेणे अशक्य होते. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे व बांबू यांचा उपयोग करण्यात आला. आकार, रंग, संख्या व स्पर्श यांचे ज्ञान परिचित वस्तूंतून होऊ लागले. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व कायम राहिले, साधन तेवढे बदलले.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता : मुले शाळेत येतच नसत. तेव्हा शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. आंघोळ, केस विंचरणे, अंगण झाडणे हाच तेथील पहिला पाठ ठरला. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली समाजातील मुलांच्या श्रमाचा प्रश्न पुढे आला. मोठी भावंडे धाकट्यांस सांभाळीत. यास्तव पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. जी मुले गुरे चारावयास जात, त्यांच्यासाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे चरत असता झाडाखाली धडा चाले.

या क्रमावरून असे दिसते की, येथे निसर्ग हा मुलाच्या आधीच चालू असलेल्या जीवनक्रमाचा एक भाग होता आणि शिक्षणाने त्या जीवनक्रमाशी जुळवून घेतले. समग्र शिक्षण या संज्ञेचा कोसबाड येथील अर्थ हाच होय.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला. या कल्पनेचे एक मूळ बोर्डीच्या अंगणात शोधले जाते. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन डहाणू तालुका पालघर जिल्ह्यात गेला. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ठाण्यात राहिले. या तीन गावांच्या परिसरात आज प्रयोगाचे तत्त्व कसोटीस लागते. बदलापूरभोवतालच्या ठाकूर व कातकरी वाड्यांत कोसबाडची साधने बहुतांशी जशीच्या तशी उपलब्ध आहेत. उलट उल्हासनगर हे कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून वाढलेले दाट शहर आहे, अंबरनाथ कारखान्यांचे. तेथे प्रत्येक घरास अंगण नाही, कुरण तर नाहीच.

म्हणून तेथे शिंपले व बिया नेऊन ठेवल्याने कोसबाडचे अनुकरण होणार नाही. त्या वस्तीतील मूल दिवसभर कोठे असते, कोणास सांभाळते आणि त्याच्या हाताशी काय असते, हे आधी पाहावे लागेल. बोर्डीतही आरंभ याच निरीक्षणापासून झाला होता.