हिरव्या ज्योतीचे दिवस

फ्रीज बिघडला की गिऱ्हाईक पहिलं वाक्य टाकतं, ‘गॅस गेला वाटतं.’ हल्ली गॅस बहुधा गेलेला नसतो. पण हा संशय उगाच रुजलेला नाही. घाटकोपरच्या भटवाडीत माझा दुरुस्तीचा गाळा होता, तिथे एके काळी तो खराच ठरायचा.

भारतीय कंपनीने इथे बनवलेला पहिला फ्रीज गोदरेजचा, 1958 सालचा, तोही विक्रोळीचा. म्हणजे आमच्या पुढच्याच स्टेशनावरचा. तरी चाळीत फ्रीज दिसायला बरीच वर्षं गेली. आला तो बाहेरच्या खोलीत, कारण स्वयंपाकघरात जागा नाही आणि पाहुण्यांना दिसायलाही हवा. वर क्रोशाचा रुमाल, प्लास्टिकची फुलं, दाराला कुलूप आणि पाठ भिंतीला टेकलेली. आतली उष्णता बाहेर पडते ती मागच्या काळ्या जाळीतून. तिला हवा मिळाली नाही की कंप्रेसर बंदच होत नाही. अशा तक्रारी मी फ्रीज पुढे ओढून आणि जाळीवरची धूळ झाडून मिटवायचो. पाना पिशवीतून बाहेरही यायचा नाही, मग पैसे मागायला जीभ रेटायची नाही. चहावर भागायचं.

गॅस जायचा तो सुरीने. तेव्हाच्या एकदारी फ्रीजमध्ये फ्रीझर म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ डबा, आणि गॅसच्या वाटा त्याच्या भिंतीतच. बर्फाचा थर साचायचा. तो वितळवायला फ्रीज रात्रभर बंद ठेवायचा असतो. पण सकाळी पापलेटचा डबा बर्फात रुतलेला आणि डबे घेऊन जाणारा दारात, मग धीर कुठला? सुरी घुसायची, फुस्स आवाज यायचा, आणि ‘जरा बघा हो भाऊ’ म्हणून निरोप.

भोक दिसलं तर ठीक. बारीक गळती असेल तर आधी साबणाचा फेस, आणि फेसालाही दाद देत नसेल तर हॅलाइड टॉर्च. माझ्या उस्तादांचं हे लाडकं हत्यार. टॉर्चच्या ज्योतीत तांब्याची पत्री लाल तापते, रबरी नळीतून आजूबाजूची हवा ज्योतीकडे ओढली जाते. नळीचं तोंड नळ्यांच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवायचं. त्या हवेत आर-12, म्हणजे तेव्हाचा फ्रीजचा गॅस, असेल तर त्यातल्या क्लोरीनमुळे निळी ज्योत हिरवी होते. वारा लागू नये म्हणून आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद करून हे करायचो. घशाला झोंबायचं. आर-12 ज्योतीत जळला की थोडा फॉस्जीनही तयार होतो, पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला तोच वायू. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गंमत अशी, की आर-12 निघाला तो सुरक्षित म्हणून. आधीचे फ्रीज सल्फर डायऑक्साइड, अमोनिया असल्या विषारी वायूंवर चालत. 1928 मध्ये टॉमस मिज्लीने अमेरिकेत शोधून काढलेला हा वायू पेटत नव्हता, नाकाला लागत नव्हता. ओझोनच्या थराला तो खातो हे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं. 1987 मध्ये माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात 1992 साली सामील झाला. 2003 पासून नव्या फ्रीजमध्ये तो भरायला बंदी आली.

गाळ्यात हा करार पोहोचला तो आर-12 च्या जागी आलेल्या आर-134ए च्या सिलिंडरातून. त्यात क्लोरीनच नाही, म्हणून टॉर्च निळीची निळीच! त्याच्याबरोबर येणारं कंप्रेसरचं तेल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं काही नसतंच. नळी थोडा वेळ उघडी राहिली तरी ओल आत. ती कॅपिलरी नावाच्या बारीक नळीच्या तोंडाशी गोठते, फ्रीज थंड होता होता थांबतो, बर्फ सुटला की पुन्हा थंड होतो. गिऱ्हाईक म्हणणार, भूत आहे! पूर्वी आम्ही थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून द्यायचो. आता व्हॅक्यूम पंपाला पर्याय उरला नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यावरचे फ्रीज पाण्यात तरंगले. कंप्रेसर सीलबंद, तो वाचायचा. रिले आणि थर्मोस्टॅट बदलले की गाडी चालू. पण जुन्या फ्रीजच्या भिंतीत काचलोकर असायची. ती एकदा भिजली की वाळत नाही, बाहेरून घाम फुटत राहतो. तसले फ्रीज मी भंगारात द्यायला लावले.

आता आर-600ए आहे. जातीने स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ, म्हणून घरच्या फ्रीजमध्ये भरतात तोही अगदी थोडाच. गळती शोधायला ज्योत पेटवायचो तिथे आता काडी ओढायची सोय नाही. नळ्या आग न लावता दाबाच्या कड्यांनी जोडायच्या. पोरगा ते काम माझ्यापेक्षा नीट करतो. गिऱ्हाईक मात्र तेच म्हणतं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं तरी ‘गॅस’. ते बहुतेक वेळा मागचं ड्रेनचं भोक तुंबल्याने असतं. फ्रीज बंद करून त्या भोकात कोमट पाणी सोडा; मोकळं झालं तर मेकॅनिकला बोलावू नका.